बशीनं झाकलेला चहा

बन्सी कंडक्टर प्रार्थनेला उभा राहिला, की ख्रिस्ती मंडळीतल्या बाया चहाच्या कपांवर बशा झाकायच्या. यात हसण्यासारखं काही नाही, अनुभवाचा भाग होता. एकदा का त्यानं डोळे मिटून "हे दयाघना, चराचराच्या धन्या" अशी सुरुवात केली, की आधी अख्ख्या सृष्टीबद्दल आभार, मग देशाच्या पुढाऱ्यांना सुबुद्धी, मग विधवा, अनाथ, प्रवासी, तुरुंगातले, दवाखान्यातले, परीक्षेला बसलेले. जे आले त्यांना आशीर्वाद, जे येऊ शकले नाहीत त्यांना आशीर्वाद, आणि जे मुद्दाम आले नाहीत त्यांनाही. तोवर चहावर जाड साय धरलेली असायची. पुंडलिकनगरातल्या वच्छलाबाई तर तोंडावर सांगायच्या, "बन्सीदादानं सुरू केलं की म्या भात टाकती आन् आमेनला उतरवती. कधी कच्चा ऱ्हायला नाय."

टिंगल व्हायची, पण मान तेवढाच होता. कुणाच्या पोरीचा साखरपुडा असो, नवी मोटारसायकल असो, बोअरला पाणी लागो, बन्सीदादा पाहिजेच. पाळकसाहेब गावाला गेले असले तर चालायचं, बन्सीदादा नसला तर यजमानाचं तोंड उतरायचं. आणि बन्सीलाही ते आवडायचं, अहो, का नाही आवडणार? प्रार्थना संपवून डोळे उघडल्यावर समोरच्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसताना दिसल्या की त्याची छाती फुगायची. मग तो गार चहा एका घोटात प्यायचा आणि "फक्कड" म्हणायचा.

ही कला त्याला साधली लहानपणीच. बन्सीचा जन्म पोलीस ॲक्शनच्या साली, बिडकीनजवळच्या एका वाडीत. रझाकारांच्या भीतीनं त्याची आई राजाबाई भरल्या दिवसांची असताना ज्वारीत लपून बसली होती, हे ती मरेपर्यंत येईल त्याला सांगायची. आजानं मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळं घर ख्रिस्ती. बाप मुंजाबा लोकांची मेंढरं वळायचा. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दाराशी चपलांजवळ बसायचा. त्याच्या तोंडून प्रार्थनेचं एक वाक्य कुणी ऐकलं नाही. तो फक्त पहाटे वाडग्याचं झापं उघडताना वर बघून "आलो बरं का, देवा" म्हणायचा आणि मेंढरं सोडायचा. पोरगा मात्र निराळा निघाला. सुगी झाल्यावर देवळात व्हायच्या हंगामाच्या सणाला दहा वर्षांच्या बन्सीनं उभं राहून अशी काही प्रार्थना ठोकली, की बाहेरून आलेल्या उपदेशकांनी पाठ थोपटली, राजाबाईनं तिथंच बोटं मोडून दृष्ट काढली आणि पाळक तिच्यावर रागावले. त्या दिवसापासून बन्सी जो येईल त्या उपदेशकाची चांगली चांगली वाक्यं उचलून पाठ करायला लागला.

पुढं एसटीत लागला आणि गळ्याला आणखी धार आली. "बिडकीऽन-पैठण! बिडकीऽन-पैठण!" अशी त्याची आरोळी स्टँडाच्या त्या टोकाला ऐकू जायची. गाडीवर ड्रायव्हर फकिरा. हा फकिरा म्हणजे जन्माचा घुमा. सकाळी "काय?" आणि संध्याकाळी "चल" एवढंच त्याचं बोलणं. बन्सीनं मागून दोरी ओढायची, एक घंटी झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. सगळी नोकरी दोघांनी त्या घंटीवर काढली, आणि भांडण म्हणून एकदाही नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी घसा बसला. आधी मध झाला, हळद झाली, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. मग एका रविवारी बन्सी भर देवळात उभा राहिला, तोंड उघडलं आणि फाटक्या पिपाणीतून येतो तसा नुसता वारा बाहेर आला. मागं कुणीतरी लहान मूल खुदकन हसलं. बन्सी खाली बसला तो पुन्हा प्रार्थनेला उठलाच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. गाठ होती. घाबरण्यासारखी नव्हती, पण काढावी लागणार होती. "आणि काढल्यावर मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"पन आवाज येईल ना बाई?" साळूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं विचारलं.

"बहुतेक येईल."

ते 'बहुतेक' बन्सीच्या मनात काट्यासारखं मोडलं. ऑपरेशन झालं, टाके वगैरे काही नव्हते, दुखणंही फारसं नव्हतं. पण घरात बसलेला तो माणूस कुणी दुसराच वाटायचा. साळूबाईनं त्याच्यापुढं स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. "तुमची घंटी घ्या," म्हणाली. चमच्यानं एक टोला म्हणजे बास, दोन म्हणजे चालू द्या. ताटात तिसरी भाकरी पडायला लागली की टण्. भाजीत मीठ बरोबर असलं की टण्टण्. शेजारच्या बायका कान देऊन ऐकायच्या आणि हसून लोळायच्या. बन्सीला हसू येत नव्हतं.

मंडळी भेटीला आली. बाहेरच्या खोलीत जागा पुरेना, काही जण ओट्यावर उभे. केळी आली, नारळपाणी आलं, मंडळीच्या रिवाजाप्रमाणं "सलाम, सलाम" झालं. पाळकसाहेब नेमके सोलापूरला गेले होते. सगळ्यांनी तब्येतीची चौकशी केली, आपापल्या घशाची दुखणी सांगितली, आणि मग उठायच्या आधी एक जण म्हणाला, "बरं, आपुन प्रार्थना करू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. 

थोड्या वेळानं एकानं एक डोळा उघडला. "काकासाहेब, करा ना."

"मी? नाय नाय. तुम्ही करा."

"तुम्ही पंच हायेत मंडळीचे."

"पंच असलो म्हून काय झालं? म्या कधी केली? सारजाबाई, तुम्ही करा."

"अगं बाई! मला नका घालू त्यात."

आणि मग काय झालं, तर सगळ्यांचे डोळे आपोआप पलंगावरच्या बन्सीकडं वळले. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सगळे आजाऱ्याकडंच बघत होते! बन्सीनं बघितलं, या खोलीतल्या एकालाही दहा माणसांपुढं देवाशी चार शब्द बोलता येत नव्हते. येणार कसे? इतक्या वर्षांत त्यानं कुणाला बोलायला जागा ठेवलीच कुठं होती? शेवटी वच्छलाबाईच चिडून म्हणाल्या, "देवा, ह्याचा गळा लई दुखत आसंल. बरा कर. आमेन. चला आता, निजू द्या त्याला." लोक गेले. बन्सी भिंतीकडं तोंड करून पडला. ती एक ओळ त्याच्या मनात पुन्हापुन्हा येत होती, आणि असं का व्हावं ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साळूबाई भाजी आणायला गेली तेव्हा त्यानं ठरवलं, आपली प्रार्थना आपण करू. आवाज नाही तर नाही, मनातल्या मनात. दार लोटलं, मांडी घातली, डोळे मिटले. 'हे दयाघना, चराचराच्या धन्या.' गाडी सुरू झाली. सृष्टी झाली, पुढारी झाले, विधवा-अनाथ झाले. मध्येच एक सुंदर वाक्य जमलं तसा तो सवयीनं थांबला, मागून "व्हय प्रभू, व्हय" यायची वाट बघत. कुणी काही म्हटलं नाही. वर पंखा फिरत होता. तो पुढं गेला, तुरुंगातल्यांपर्यंत पोचला, आणि तिथं गाडी जी बंद पडली ती पडलीच. स्वतःचं नाव कुठं घ्यायचं हेच त्याला सापडेना. आणि मग त्याच्या मनात एक असा विचार आला, की त्यानं खाडकन डोळे उघडले. आपण आजवर बोलत होतो ते नक्की कुणाशी? समोरच्या माणसांशीच तर नाही? लोक होते तोवर देव होता. लोक उठून गेले, तर देव कुठाय?

आवाज गेला तर गेला. त्याची तयारी बन्सीनं कशीबशी केली होती. पण आवाजाबरोबर देवही गेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे देवाशी आपली ओळख कधी झालीच नव्हती, हे निघालं तर? साठीला आलेल्या माणसानं हे कुणाला विचारायचं? आणि विचारायचं तरी कशानं, चमच्यानं?

साळूबाई आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पिशवी घेऊन आत गेली.

त्या दिवसांत त्याला झोप लागत नव्हती. एका सकाळी तांबडं फुटल्यावर तो पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघरात साळूबाई भाकरी थापत होती आणि तोंडानं पुटपुटत होती. हे पुटपुटणं काही नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती भाकरी थापताना पुटपुटायची, आणि बन्सी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं सकाळची प्रार्थना करत असायचा, त्यामुळं ती काय म्हणते ते त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. स्वतःशी बडबडते, असं तो धरून चालला होता. आज घर गप होतं. तो दाराआड थांबला.

"पीठ आज जरा जाड दळलंय, देवा, चिरा पडू राहिल्यात," साळूबाई म्हणत होती. "जाऊ दे. पोरीचा फोन नाय आला, तिच्याकडं बघ. माझा गुडघा तुला म्हाईतच हाये. आन् ह्यांचं सांगू का? लई भ्यालेत. मला सांगायचे नाय ते, पन भ्यालेत. इतकी वर्सं ते बोलले आन् तू ऐकलंस. तुझी बी कमालच म्हणायची. आता त्यांना गप बसवलंस ना? मंग आता तू बोल जरा त्यांच्याशी."

आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

बन्सी तसाच पाय न वाजवता माघारी फिरला. रडू यावं की राग यावा, काही समजेना. या बाईचा देव तिच्या चुलीशी बसून भाकरीच्या चिरांचं गाऱ्हाणं ऐकत होता, आणि आपण इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत त्यालाच आरोळ्या मारून बोलावत होतो. लाज वाटली त्याला, खरीखुरी लाज.

त्याच आठवड्यात फकिरा भेटीला आला. धोतर, डोक्याला टापर, हातात पावशेर पेढे. "काय?" म्हणाला आणि खुर्चीवर बसला. बन्सीनं हात जोडले. साळूबाईनं चहा दिला. फकिरानं चहा घेतला. मग दोघं बसले. रस्त्यावरून भंगारवाला गेला. समोरच्या घरात कुणीतरी गाद्या झटकत होतं. फकिरा तिकडं बघत होता, बन्सीही तिकडं बघत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा बन्सीच्या छातीवरचं ओझं उतरलं. या माणसाला काही सांगावं लागत नव्हतं. पैठणहून रिकामी गाडी माघारी आणताना दोघं असेच तर बसायचे, तो पुढं, हा मागं.

"बरं वाटलं बसून," फकिरा उठत म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं. बन्सीनं चमचा उचलून पेल्यावर दोन टोले दिले. फकिरा दारात थांबला, मागं वळून बघितलं आणि दात काढून हसला. "व्हय व्हय, निघालो," म्हणाला.

तो गेल्यावर बन्सी बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला. फकिराबरोबर बसता येतं. मग देवाबरोबर नुसतं बसायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गच्चीवर गेला. साळूबाईच्या वाळवणाची बाज होती, तिच्यावर बसला. डोळे मिटले नाहीत, कारण मिटले की जीभ आपोआप 'हे दयाघना'वर जायची. दूधवाल्याची सायकल गेली. पाण्याच्या टाकीवर कावळा येऊन बसला. बन्सीला बाप आठवला, वाडग्याचं झापं आठवलं, आणि मेंढरांचा तो ओला उबट वास, ज्याची त्याला पोरपणी लाज वाटायची. त्यानं वर बघितलं आणि मनात म्हटलं, 'आलो बरं का, देवा.'

पुढं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. म्हणून काहीच म्हटलं नाही. बसून राहिला. आणि बसता बसता, कुणी मागितलं नसताना, आतून एक वाक्य वर आलं. त्याला व्याकरण नव्हतं, सजावट नव्हती, ते कुठल्या उपदेशकाचं नव्हतं. 'मला लई भ्या वाटू राहिलंय.'

बस्स. एवढंच. आभाळ काही फाटलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. पण ज्याला सांगितलं त्यानं ऐकलं, हे बन्सीला असं स्वच्छ कळलं, जसं एसटीत मागची दोरी ओढल्यावर पुढं बसलेल्या फकिराला कळलंय हे कळायचं. तो बाजेवर बसून हमसून हमसून रडला. आवाज न करता, कारण डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. आणि रडून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं खाली येऊन चार भाकरी खाल्ल्या. चमचा वाजलाच नाही. साळूबाई बघतच राहिली.

मग रोजच तो गच्चीवर जायला लागला. कधी काही सांगायचा. स्टँडावर एका म्हातारीला उगाच खेकसलो होतो, ते सांगितलं. बापाला देवळात कधी शेजारी बसवलं नाही, तेही सांगितलं, त्याला बरेच दिवस लागले. कधी नुसतंच ऊन येईपर्यंत बसायचा. आवाजाचं काय होणार, हा प्रश्न अजून होता. पण तो आता एकट्याचा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली आणि म्हणाल्या, "छान भरलंय. बोला, हळू बोला काहीतरी."

बन्सीनं साळूबाईकडं बघितलं. "साळू," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, जुन्या आरोळीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण होता. साळूबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. ऐकून इतका आनंद झाला होता बाईला, की डॉक्टरांच्या टेबलावरच डोकं टेकून रडली.

त्या शुक्रवारी घरोघरची प्रार्थनासभा वच्छलाबाईंकडं होती. बन्सीला धरून आणल्यासारखं मधल्या खुर्चीवर बसवलं. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं, पाळकसाहेबांनी चार शब्द सांगितले. चहाचा ट्रे आला. "आता आभाराची प्रार्थना बन्सीदादा करतील," काकासाहेबांनी जाहीर केलं, आणि स्वतःच्या मानेवरचं ओझं गेल्यासारखं हुश्श केलं. वच्छलाबाईंनी भराभर सगळ्या कपांवर बशा झाकल्या आणि सवयीनं उठून आत तांदूळही टाकून आल्या. लोक मांड्या सावरून, भिंतीला टेकून, लांबच्या प्रवासाच्या तयारीनं बसले.

बन्सी उभा राहिला. जुनी वाक्यं सगळी घशाशी येऊन हात जोडून उभी होती. म्हटली असती तर आलीही असती.

"देवा, आम्ही आलोय," तो म्हणाला. "भेटलास, लई बरं वाटलं. आमच्यात ज्याला भ्या वाटतंय त्याच्यापाशी बस. आमेन."

आणि तो खाली बसला.

कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना खालीच. दम घेत असेल, असं लोकांना वाटलं. काकासाहेबांनी तर मधला विराम समजून "व्हय प्रभू, व्हय" अशी पुस्तीही जोडली. शेवटी बन्सीच म्हणाला, "अहो, झाली. उघडा डोळे. चहा प्या."

बशा निघाल्या. वच्छलाबाईंनी नेहमीसारखा मोठा घोट घेतला आणि किंचाळल्या, "अगं बाई गं! पोळलं की!" इतक्या वर्षांत या सभेत गरम चहा त्यांना माहीतच नव्हता. सगळी खोली हसली. मग जीभ बाहेर काढून वारा घालत त्या म्हणाल्या, "भात कच्चा ऱ्हायला ना माझा. थांबा, आता कुनीतरी दुसऱ्यानं करा तवर." आणि गंमत म्हणजे सारजाबाई, ज्या कधी तोंड उघडत नव्हत्या, खरंच म्हणाल्या, "म्या करू का? माझ्या सुनेसाठी करायची हाये." त्यांनी केली. मग आणखी एकानं केली. अडखळत, मध्येच नाक ओढत. भात शिजला.

 घरी जाताना गल्लीच्या वळणावर साळूबाईनं विचारलं, "अवो, एवढीच केली? गळा दुखत हुता का?"

"नाय."

"मंग?"

"बाकीची सकाळी गच्चीवरच झाली," बन्सी म्हणाला. "आमची दोघांची."

साळूबाई चालता चालता थांबली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "उद्यापासून बाज मोकळी ठेवती. वाळवण खाली घालती." मग दोघं घरी गेले.